फोन आपला, पण आतला भाग बदलायची परवानगी कुणाची?

फोन हातातून निसटतो, स्क्रीनला तडे जातात. सर्व्हिस सेंटरने सांगितलेला खर्च ऐकून माणूस कोपऱ्यावरच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात जातो. तिथे तासाभरात दुसरी स्क्रीन बसते, टच चालतो, रंगही ठीक दिसतात. मग सेटिंग्जमध्ये एक सूचना उगवते: या फोनमध्ये अनोळखी भाग बसवलेला आहे. काही मॉडेलमध्ये तेवढ्यावर भागत नाही. चेहरा ओळखून फोन उघडायची सोय बंद पडते, किंवा आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे रंग जुळवून घेणं थांबतं. दुकानदार सांगतो, "स्क्रीन ओरिजिनलच आहे, दुसऱ्या फोनची काढलेली." आणि तो खरं सांगत असू शकतो. त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या फोनमधून काढलेली अस्सल स्क्रीन लावली तरीही असं घडतं.

हे का घडतं ते नीट समजून घ्यायला हवं. दुरुस्तीच्या हक्काबद्दल बोलताना आपण अजूनही स्क्रू आणि गोंद यांच्यापाशीच थांबतो. खरं कुलूप तिथून केव्हाच हललं आहे. ते आता सॉफ्टवेअरमध्ये बसलंय आणि त्याची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर आहे.

सुरुवात बॅटरीपासून करू. फोनच्या सगळ्या भागांत नक्की झिजणारा भाग हाच. लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, आणि फोन वापरताना परत फिरतात. या ये-जा करण्यात दर वेळी थोडं लिथियम ग्रॅफाइटवर साचणाऱ्या एका पातळ थरात कायमचं अडकतं. ते पुन्हा कामाला येत नाही. उष्णतेने हे अडकणं वाढतं, म्हणून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवणं वाईट. रात्रभर शंभर टक्क्यांवर तापत ठेवणंही वाईट. शून्यापासून शंभरपर्यंतचा पूर्ण वापर म्हणजे एक फेरी; अर्धी बॅटरी दोनदा वापरली तरी एकच फेरी. बरीच वर्षं फोनच्या बॅटरीचा ढोबळ हिशेब असा होता की ५०० फेऱ्यांनंतर तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास उतरते. रोज एक फेरी धरली तर हे दीड वर्षाच्या आतच झालं. अलीकडच्या काही फोनमध्ये हा आकडा १००० फेऱ्यांपर्यंत गेलाय आणि ही खरोखर चांगली सुधारणा आहे. तरीही बॅटरी संपते ती संपतेच.

म्हणजे बॅटरी हा बदलण्यासाठीच असलेला भाग आहे. कुकरची रिंग सैल झाली की आपण भांड्यांच्या दुकानातून नवी आणतो आणि घरी बसवतो. कुकर त्यासाठी कुणाची परवानगी मागत नाही. नोकियाच्या जुन्या फोनमध्ये बॅटरीचं असंच होतं. मागचं झाकण नखाने उघडायचं, बीएल-५सी बॅटरी काढायची, दुसरी टाकायची. त्या मापाची बॅटरी इतकी रुळली की छोट्या रेडिओंमध्येही ती वापरली गेली.

मग फोन सपाट, बारीक आणि चारी बाजूंनी बंद झाले. कारण सांगितलं गेलं ते पाण्याचं: आत पाणी शिरू नये म्हणून सगळं गोंदाने चिकटवावं लागतं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. २०१४ साली आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी एस-५ ला पाण्यापासून संरक्षणाचा आयपी-६७ दर्जा होता, आणि त्याचं मागचं झाकण हाताने उघडून बॅटरी बदलता येत होती. झाकणाच्या आतून रबराची कड होती, बस्स. त्या झाकणामुळे फोन थोडा जाड झाला आणि काहींना तो दिसायला साधा वाटला, हेही मान्य. पण हा आवडीनिवडीचा, पैशाचा आणि विक्रीचा निर्णय होता. निसर्गनियम नव्हता.

चिकटवलेला फोन उघडणं म्हणजे काय हे पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एखाद्या रिपेअरवाल्याच्या टेबलाशी उभं राहून बघावं. फोन आधी हीटिंग मॅटवर ठेवतात, कडेचा गोंद मऊ होईपर्यंत. मग काचेवर सक्शन कप लावून केसाएवढी फट पाडतात आणि त्यात प्लास्टिकची पत्ती सरकवतात. कुठल्या मॉडेलमध्ये कुठल्या कडेला बारीक फ्लेक्स, म्हणजे भागांना जोडणारी कागदासारखी पातळ केबल, जाते हे त्या माणसाच्या बोटांना पाठ असतं, कारण पत्ती दोन मिलिमीटर जास्त आत गेली की फ्लेक्स कापली जाते आणि दुरुस्ती दुप्पट होते. पुढे बॅटरीखालची चिकटपट्टी. ती सरळ, सावकाश, न थांबता ओढायची. मध्येच तुटली तर बॅटरीच्या कडेने अल्कोहोलचे थेंब सोडून गोंद सैल करायचा आणि बॅटरी न वाकवता उचलायची. वाकली, टोचली, तर आतले थर एकमेकांना टेकून ती पेटू शकते. हे सगळं तो माणूस रस्त्याकडेच्या टेबलावर, पंख्याच्या वाऱ्यात, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना करतो. त्याच्या हाताला आपण कधी कौशल्य म्हणत नाही, याचं मला वाईट वाटतं.

गोंदाचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा आहे, आणि कंपन्यांनीच ते दाखवून दिलंय. ॲपलने २०२४ च्या आयफोन १६ मध्ये बॅटरीसाठी असा गोंद आणला की त्यातून कमी दाबाची वीज सोडली की तो आपोआप सुटतो. साधी ९ व्होल्टची बॅटरी पुरते, मिनिट-दीड मिनिटाचं काम. मनावर घेतलं की डिझाइन बदलतं.

आता मूळ मुद्दा. सॉफ्टवेअरच्या या कुलपाला म्हणतात पार्ट्स पेअरिंग. स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा, बोटाचा ठसा घेणारा सेन्सर अशा भागांवर हल्ली एक चिमुकली चिप असते. त्या चिपमध्ये त्या एकाच नगाचा क्रमांक लिहिलेला असतो. कारखान्यात फोन जोडताना मदरबोर्डला सांगून ठेवतात की तुझी स्क्रीन या क्रमांकाची, तुझी बॅटरी त्या क्रमांकाची. फोन सुरू होताना मदरबोर्ड हे क्रमांक पडताळून बघतो. जुळले तर सगळं सुरळीत. नाही जुळले तर फोन काय करणार हे सर्वस्वी कंपनीने लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर अवलंबून. ते नुसती सूचना दाखवेल, झिजून बॅटरीची क्षमता किती उरली त्याची टक्केवारी दाखवणं बंद करेल, किंवा एखादी सोयच काढून घेईल. नवा क्रमांक नोंदवायचा तर कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते मिळतं अधिकृत केंद्राला.

इथे हाताचं कौशल्य निरुपयोगी होतं. रिपेअरवाल्याने भाग कितीही सफाईने बसवला, भाग कितीही अस्सल असला, तरी शेवटचा शब्द दूरच्या एका सर्व्हरचा.

याचं पहिलं मोठं प्रकरण गाजलं ते २०१६ मध्ये. आयफोन ६ चं होम बटन बाहेर दुरुस्त करून घेतलेल्या अनेकांचे फोन एका अपडेटनंतर ठप्प झाले. पडद्यावर फक्त एरर ५३. फोटो, नंबर, सगळं आत अडकलं. ॲपलने पुढे दुसरं अपडेट देऊन फोन परत चालू केले, पण ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने प्रकरण न्यायालयात नेलं. बाहेर दुरुस्ती केली म्हणून मोफत दुरुस्तीचा तुमचा हक्क गेला, असं ग्राहकांना सांगणं चुकीचं होतं, यावर २०१८ मध्ये ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. नंतर २०२१ मध्ये आयफोन १३ ची स्क्रीन बदलली की फेस आयडी बंद पडू लागला. स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांनी उपाय काढला: जुन्या स्क्रीनवरची ती चिमुकली चिप सूक्ष्मदर्शकाखाली उचलायची आणि नव्या स्क्रीनवर सोल्डर करायची. स्क्रीन बदलण्याचं साधं काम घड्याळजीच्या कामाहून नाजूक झालं. ओरड झाल्यावर कंपनीने ते अपडेटने सुधारलं. म्हणजे ते सॉफ्टवेअरने घातलेलं होतं आणि सॉफ्टवेअरनेच काढता आलं.

कंपन्यांची बाजूही नीट ऐकायला हवी. ती सगळी खोटी नाही.

बोटाच्या ठशाचा सेन्सर आणि चेहरा ओळखणारा कॅमेरा यांची गोष्ट वेगळी आहे. तुमची बँक, तुमचं यूपीआय त्या कुलपामागे आहे. कुणी मुद्दाम बनवलेला सेन्सर बसवून फोनला फसवू नये म्हणून तो भाग मदरबोर्डशी घट्ट बांधलेला असणं योग्यच, माझ्या मते आवश्यक. दुसरा मुद्दा अचूकतेचा: प्रत्येक स्क्रीनचे रंग आणि प्रत्येक कॅमेऱ्याचं भिंग कणभर वेगळं असतं. त्याची मापं कारखान्यात घेऊन फोनमध्ये भरलेली असतात, भाग बदलला की ती मापं नवी लागतात. तिसरा मुद्दा चोरीचा. चोरलेला फोन उघडता आला नाही तरी त्याचे भाग सुटे करून विकता येतात. भाग बांधलेले असले की हा धंदा बसतो.

हे तिन्ही मुद्दे खरे धरले तरी उत्तर "कोणताच भाग आमच्याशिवाय चालणार नाही" असं निघत नाही. बॅटरीमध्ये कुठला ठसा साठवलेला असतो? मापं नवी लागत असतील तर ती भरून घेण्याचं सॉफ्टवेअर सगळ्या दुरुस्तीवाल्यांना द्या. आणि चोरीबद्दल तर उत्तर हातात आहे. भाग ज्या फोनमधून आला तो फोन मालकाने हरवला म्हणून कुलूपबंद केलेला असेल, तर तेवढाच भाग अडवायचा. बाकीचे वापरलेले भाग चालू द्यायचे. ॲपलने २०२४ मध्ये आयफोन १५ आणि पुढच्या मॉडेलसाठी नेमकं हेच सुरू केलं: वापरलेले अस्सल भाग फोनमध्येच जुळवून घेता येऊ लागले आणि हरवलेल्या फोनच्या भागांवर बंधन आलं. वर्षानुवर्षं जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं, ते कायद्याची चाहूल लागल्यावर शक्य झालं.

तो कायदा अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचा. २७ मार्च २०२४ रोजी त्यावर गव्हर्नरची सही झाली. चांगला भाग बसवूनही तो चालू न देणं, त्याची क्षमता कमी करणं, किंवा मालकाला घाबरवणाऱ्या दिशाभूल करणाऱ्या सूचना दाखवणं, यासाठी पेअरिंग वापरायला या कायद्याने मनाई केली. अमेरिकेत असं करणारं हे पहिलं राज्य. नियम १ जानेवारी २०२५ नंतरच्या उपकरणांना लागू आहे, त्यामुळे आज खिशात असलेल्या बहुतेक जुन्या फोनना त्याचा लाभ नाही. कोलोरॅडोनेही पाठोपाठ तसाच कायदा केला.

युरोपीय संघाने वेगळ्या बाजूने सुरुवात केली. तिथे २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या फोन आणि टॅबलेटना नियम आहे: बॅटरीने ८०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के क्षमता राखायची, मॉडेलची विक्री थांबल्यावर ७ वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि किमान ५ वर्षं सॉफ्टवेअर अपडेट. पेअरिंग केलेले भाग असतील तर ते जुळवायचं सॉफ्टवेअर व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांना भेदभाव न करता द्यायचं. पाकिटावर दुरुस्ती किती सोपी याची ए ते ई अशी श्रेणी छापलेली असते. फ्रान्समध्ये तर २०२१ मध्येच फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन यांवर दुरुस्तीच्या सोपेपणाचे दहापैकी गुण लिहिणं सक्तीचं झालं. गिऱ्हाईक दुकानात उभं असताना किमतीशेजारी हा आकडा वाचतं, आणि मला ही कल्पना दंडापेक्षाही परिणामकारक वाटते.

जुन्या फोनबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण "अपडेटनंतर फोन मुद्दाम स्लो करतात" ही तक्रार घरोघरी ऐकू येते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलने कबूल केलं की झिजलेल्या बॅटरीच्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअर कमी करत होतं. झिजलेली बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नाही आणि फोन अचानक बंद पडतो, म्हणून ते केलं होतं. तांत्रिकदृष्ट्या कारण पटण्यासारखं होतं. चूक होती ती न सांगण्यात. माणसांना वाटलं फोन म्हातारा झाला, आणि त्यांनी नवा घेतला. बॅटरी बदलली असती तर जुनाच पुन्हा पळाला असता. फ्रान्सने यासाठी २०२० मध्ये २.५ कोटी युरोचा दंड केला.

आपल्याकडे हा विषय फोनच्या आधी मोटारींवरून आला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि गाडीचा दोष शोधायची यंत्रं या कंपन्या फक्त आपल्या डीलरना देत होत्या, बाहेरच्या गॅरेजना नाही. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने बजावलं. पुढे अपिलं झाली, पण तत्त्व नोंदवलं गेलं: वस्तू विकली म्हणून तिच्या दुरुस्तीच्या बाजारावर विकणाऱ्याची मक्तेदारी होत नाही.

हेच शेतातही येऊन पोचलंय. अमेरिकेत जॉन डिअरच्या ट्रॅक्टरचा दोष शोधायचं पूर्ण सॉफ्टवेअर फक्त डीलरकडे होतं, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे बाजारातली स्पर्धा आणि ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपनीवर खटला भरला. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर अजून गावातला मिस्त्री पान्याने खोलू शकतो. पण प्रदूषणाचे नवे निकष ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले, आणि त्यांच्यासाठी इंजिनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं. ऐन पेरणीत ट्रॅक्टर एरर कोड दाखवून उभा राहिला, तर मिस्त्रीकडे तो कोड वाचायचं यंत्र असेल का? ज्वारी-सोयाबीनच्या पट्ट्यात हा प्रश्न फोनच्या स्क्रीनपेक्षा मोठा आहे, आणि त्यावर आत्ताच बोलायला हवं.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिने चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर इंडिया' हे पोर्टल सुरू झालं. कंपन्यांची दुरुस्तीची माहिती, सुट्या भागांच्या किमती, वॉरंटी हे एका जागी मिळावं हा हेतू. उपयोगी आहे, पण कंपनी जेवढं सांगेल तेवढंच तिथे दिसतं. त्यापुढची पायरी म्हणजे दुरुस्ती निर्देशांक. त्यावरच्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला: फोन आणि टॅबलेटना दुरुस्तीच्या सोपेपणावर गुण द्यायचे आणि ते दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या पानावर आणि खोक्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दाखवायचे. निकष सहा: भागापर्यंत पोचायला किती खोलावं लागतं, दुरुस्तीची माहिती, सुटे भाग वेळेत मिळणं, सॉफ्टवेअर अपडेट, लागणारी हत्यारं, आणि स्क्रू-गोंदासारखी जोडणी.

निकष चांगले आहेत. पण ते सगळे पाळूनही फोन कुलूपबंद राहू शकतो. समजा भाग बाजारात मिळतो, स्क्रू साधे आहेत, माहितीपुस्तिका उघड आहे. तरी भाग बसवल्यावर सॉफ्टवेअरने नाकारला तर त्या गुणांना काय अर्थ? म्हणून पेअरिंग हा सातवा, स्वतंत्र निकष हवा, आणि त्याला भरपूर वजन हवं.

निर्देशांक येईल तेव्हा येईल. तोवर फोन घेताना दोन-तीन गोष्टी विचारता येतात. बॅटरी आणि स्क्रीन बदलण्याचा खर्च आधीच बघावा. बऱ्याच कंपन्या तो वेबसाइटवर देतात. फोनच्या किमतीच्या निम्मी स्क्रीन असेल, तर तो फोन स्वस्त नाही. सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळणार हे बघावं. सेकंड हँड आयफोन घेताना सेटिंग्जमधल्या 'जनरल' आणि मग 'अबाउट'मध्ये जाऊन कोणते भाग बदललेत ते वाचावं, आणि सूचना दिसली म्हणून लगेच घाबरू नये. भाग कुठला आहे हे विकणाऱ्याला विचारावं. दुकानात "ओरिजिनल" म्हणजे दुसऱ्या फोनमधून काढलेला भाग की चांगली कॉपी, हे स्पष्ट विचारून बिलावर लिहून घ्यावं. फोन दुरुस्तीला देण्याआधी बॅकअप घ्यावा, आणि सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये मेंटेनन्स मोड, गूगल पिक्सेलमध्ये रिपेअर मोड असतो तो चालू करावा. त्यात फोन तपासता येतो पण तुमचे फोटो आणि मेसेज दिसत नाहीत. सुटा भाग नाकारला गेला, वॉरंटी विनाकारण रद्द केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तक्रार करताना "फोन बिघडला" एवढंच सांगू नका. कुठला भाग, कधी बसवला, त्यानंतर नेमकी कुठली सोय बंद झाली आणि पडद्यावर काय लिहून आलं, हे सगळं स्क्रीनशॉटसकट नोंदवा. पेअरिंगचा त्रास स्वतंत्र निकषात मोजला जावा असं वाटत असेल, तर त्या त्रासाची नोंद पेअरिंग म्हणूनच सरकारदरबारी पोचली पाहिजे.